रँगल बेटावरचे शेवटचे मॅमथ: एका वंशाच्या मृत्यूचा पंचनामा

प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली जमीन खणताना ब्राँझच्या चार जड वस्तू सापडल्या. त्यांत एक हत्ती आहे. तो नेमका कधी ओतला यावर पुरातत्त्ववाल्यांचे मतभेद आहेत, पण उत्तर हडप्पा काळातला, म्हणजे अदमासे चार हजार वर्षांपूर्वीचा, असं मानणारे बरेच आहेत. ते खरं धरलं तर तो कारागीर भट्टीपाशी बसला होता त्या सुमाराला, आपल्यापासून हजारो किलोमीटर उत्तरेला, आर्क्टिक महासागरातल्या एका बेटावर त्याच हत्तीच्या भावकीतले शेवटचे काही प्राणी चरत होते. किंवा नुकतेच संपले होते. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडला तोवर पाचशे वर्षं होऊन गेली होती.

मॅमथ म्हटलं की हिमयुग आणि गुहेतली माणसं डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे हा काळ पहिल्यांदा ऐकताना खोटा वाटतो. पण रेडिओकार्बनने तो पुन्हापुन्हा तपासला गेला आहे. वाद आहे तो ते कधी मेले याचा नाही, कशाने मेले याचा आहे.

सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट अशी: बेटावर मूठभर मॅमथ अडकले. घरातल्या घरात सोयरिकी झाल्या. रक्त बिघडलं. वंश बुडाला. चार वाक्यांची सुटसुटीत गोष्ट आहे, आणि चारही वाक्यं सुटी सुटी खरी आहेत. चौथं तिसऱ्यामुळे घडलं का, एवढाच प्रश्न आहे. मला वाटतं, तसं म्हणायला पुरावा पुरत नाही. उलट अलीकडचा पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो.

घटनास्थळ

रँगल बेट सैबेरियाच्या ईशान्य किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ साधारण ७,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मं. १८० अंशांचं रेखावृत्त बेटावरूनच जातं. ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं त्या फर्डिनांड फॉन रँगलने १८२०च्या दशकात ते शोधण्यात वर्षं घालवली आणि त्याला ते दिसलंच नाही. १८६७ मध्ये टॉमस लाँग नावाच्या अमेरिकन व्हेलशिकारी कप्तानाने त्याला रँगलचं नाव दिलं. न सापडलेल्या गोष्टीला नाव मिळण्याचा मान तसा दुर्मिळच.

हिमयुगाच्या कडाक्यात हे बेट नव्हतंच. जगभरचं पाणी बर्फात गोठून बसल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. सैबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये कोरडं, गवताळ माळरान पसरलं होतं आणि रँगल हा त्या माळावरचा डोंगराळ भाग होता. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मॅमथ बर्फ तुडवत उपाशी फिरणारा प्राणी नव्हता. तो थंड देशातला गवतखाऊ होता, त्याला लागे ते गवत, तेही रोज ढिगाने. हवामान तापलं, पाऊस वाढला, माळरानाची जागा दलदल, शेवाळ आणि झुडपांनी घेतली, तशी मुख्य भूमीवरून मॅमथांची वस्ती आटत गेली. (२०२१ साली गोठलेल्या मातीतल्या डीएनएवरून सैबेरियाच्या तैमीर द्वीपकल्पातही ते बरेच उशिरापर्यंत होते असा दावा झाला. पण तो डीएनए जुन्या हाडांतून झिरपलेला असू शकतो, अशी हरकत लगेच घेतली गेली. तो तंटा इथे बाजूला ठेवतो.)

समुद्र चढत आला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी रँगलच्या चारी बाजूंनी पाणी झालं. आत जे राहिले, ते राहिले.

मुद्देमाल

हत्तीची दाढ एकदा हातात घेतली की विसरत नाही. वजनाला वीट, आणि दिसायला स्लाइस केलेल्या पावासारखी: पातळ उभे काप एकाला एक चिकटलेले. प्रत्येक कापाला एनॅमलची कडक कड, आत त्याहून मऊ दंतिन, आणि दोन कापांच्या फटीत सिमेंट. मऊ भाग आधी झिजतो, कड उभी राहते. जात्याला वरचेवर टाकी लावावी लागते. ही दाढ झिजताझिजता स्वतःच स्वतःला टाकी लावत राहते. आफ्रिकी हत्तीच्या शेवटच्या दाढेत असे डझनभर काप असतात, केसाळ मॅमथाच्या दाढेत वीसच्या वर. गवतातली सिलिका आणि त्यासोबत तोंडात जाणारी धूळ यांच्यावर काढलेला हा उपाय.

अशा दाढा आयुष्यात सहा वेळा येतात. आपल्यासारख्या खालून वर नव्हे, तर मागून पुढे सरकत. पुढची झिजून तुकड्यातुकड्याने गळते, मागची तिची जागा घेते. सहावी झिजली की हत्तीला चावता येत नाही. वयाने मरणारा हत्ती बहुतेक वेळा असा दातांनी मरतो.

रँगलचं प्रकरण उघडलं तेही दाढांमुळेच. सर्गेई वार्तान्यान, वादिम गारुत आणि आंद्रेई शेर या रशियन संशोधकांनी तिथल्या दातांची रेडिओकार्बन वयं १९९३ साली 'नेचर'मध्ये छापली. काही दात इतके अलीकडचे निघाले की शेवटचा मॅमथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा ठरला. दाढा लहान होत्या, म्हणून त्यांनी या मॅमथांना बुटके ठरवलं. बेटावर मोठे प्राणी खुजे होतात हे काही नवं नाही. सिसिलीत तर एकेकाळी मीटरभर उंचीचे हत्ती होते. पण पुढे बाकीची हाडं मोजल्यावर रँगलचे मॅमथ बुटके वगैरे नव्हते असं दिसलं. 'बुटके मॅमथ' हा शब्द मात्र अजून लेखांतून फिरतो.

नात्याचंही सांगून टाकतो. मॅमथ हा आजच्या हत्तीचा पूर्वज नव्हे. आशियाई हत्ती आणि मॅमथ ही सख्खी भावंडं म्हणावीत इतकी जवळची, आणि आफ्रिकी हत्ती त्यांचा चुलत. तिन्ही घराण्यांचं मूळ आफ्रिकेत. म्हणजे आपल्या मंदिरापुढे झुलणारा हत्ती आफ्रिकेतल्या हत्तीपेक्षा सैबेरियातल्या त्या केसाळ प्राण्याला जवळचा आहे. मॅमथाने उष्ण देशातलं शरीर थंडीसाठी नव्याने बेतून घेतलं: कान छोटे, शेपूट आखूड, कातडीखाली चरबीचा जाड थर, दुहेरी केस. इतकंच नव्हे, २०१० साली त्याचं हिमोग्लोबिन प्रयोगशाळेत पुन्हा बनवून पाहिलं तेव्हा कळलं की थंडीतही ते ऊतींना ऑक्सिजन सोडू शकत होतं. आपलं किंवा आशियाई हत्तीचं हिमोग्लोबिन थंडीत ऑक्सिजन घट्ट धरून बसतं. हा तपशील लक्षात ठेवा. ज्या प्राण्याची अशी तयारी होती त्याच्या केसांत बिघाड झाला, असा आरोप पुढे येणार आहे.

आरोपपत्र: रक्त बिघडलं

२०१५ साली दोन मॅमथांचे पूर्ण जीनोम, म्हणजे त्यांच्या पेशीतला सगळा डीएनए, शेजारी ठेवून वाचले गेले. एक सैबेरियातल्या ओयम्याकोनचा, सुमारे ४४,८०० वर्षांपूर्वीचा. दुसरा रँगलचा, सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीचा. रँगलवाल्याच्या जीनोमचा जवळजवळ चौथा हिस्सा असा होता की आईकडून आलेली प्रत आणि बापाकडून आलेली प्रत हुबेहूब एक. पिढ्यानपिढ्या नात्यात वीण झाल्याची ही खूण.

२०१७ मध्ये रिबेका रॉजर्स आणि माँटगोमेरी स्लॅटकिन यांनी तेच दोन जीनोम बिघाडांच्या नजरेने तपासले. आकडेवारीच्या हिशेबात रँगलची प्रजननक्षम संख्या ३००च्या आसपास, मुख्य भूमीवरची १३,०००. लहान कळपात नैसर्गिक निवडीचा हात थिटा पडतो. पोत्यातून दोन मुठी ज्वारी काढली तर एखादा खडा हमखास जास्त येतो, आणि पुढची पेरणी त्याच मुठीतून करायची असेल तर तो खडा पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहतो. तसंच झालेलं होतं. रँगलच्या मॅमथात जनुकांचे तुकडे गळालेले, कित्येक जनुकांत मधेच 'थांबा' अशी खूण आलेली. वास ओळखणारी अनेक जनुकं निकामी. मूत्रातून ओळख पटवणाऱ्या प्रथिनांची जनुकंही गेलेली. आणि फॉक्सक्यू१ या जनुकात असा बदल की ज्यामुळे उंदीर-सशांमध्ये केस रेशमी, चकचकीत होतात. सॅटिन म्हणतात त्याला. दिसायला देखणा, पण अशा केसांची आतली रचना बिघडलेली असते, आणि आर्क्टिकमध्ये पांघरूण उबदार नसेल तर देखणेपणाचं काय करायचं?

२०२० साली बफेलो विद्यापीठातल्या व्हिन्सेंट लिंच यांच्या गटाने एक पाऊल पुढे टाकलं. रँगल मॅमथाची काही बदललेली जनुकं कृत्रिमरीत्या तयार करून पेशींमध्ये चालवून पाहिली. एक जनुक फुलांचा वास टिपणाऱ्या प्रथिनाचं (रिसेप्टरचं) होतं; ते चालेना. मज्जासंस्थेच्या वाढीशी आणि इन्शुलिनशी संबंधित जनुकांतही दोष दिसले. बातम्यांचे मथळे काय आले असतील याची कल्पना करायला नको: फुलांचा वास न येणारे, मधुमेही, शेवटचे मॅमथ.

प्रयोग उत्तम आहेत. आक्षेप मथळ्यांवर आहे. हा सगळा पुरावा मुख्यतः एका जनावराचा. गावातल्या एका म्हाताऱ्याची रक्ततपासणी करून गाव कशाने ओस पडलं ते सांगण्यासारखं हे झालं. शिवाय ते जनावर मेलं तेव्हा कळप बेटावर अडकून साडेपाच हजारांहून जास्त वर्षं झाली होती. इतका बिघाड घेऊन वंश तोवर टिकला, याचा अर्थ काय? हा प्रश्न आरोपपत्रात कुठेच नव्हता.

फेरतपासणी

उत्तर २०२४च्या जूनमध्ये 'सेल' या नियतकालिकात आलं. मारियान देहास्क, लव्ह दालेन आणि सहकाऱ्यांनी एक-दोन नव्हे, २१ मॅमथांचे जीनोम वाचले: १४ रँगलचे, ७ मुख्य भूमीवरचे, पन्नास हजार वर्षांच्या पट्ट्यातले. एका फोटोऐवजी आता चित्रफीत हाती आली.

त्यात दिसलं ते असं. बेट तुटलं त्या सुमाराला कळप इतका आटला की वीण करणारे प्राणी फार तर आठ उरले. आठ! आणि मग वीस पिढ्यांत तोच कळप दोनशे-तीनशेवर पोचला. त्यानंतर सुमारे सहा हजार वर्षं संख्या जवळपास तिथेच स्थिर. ना वाढ, ना घसरण. बिघडलेल्या रक्ताने वंश हळूहळू खंगत गेला असता तर शेवटाकडे आलेख उतरायला हवा होता. तो उतरत नाही. उपलब्ध नमुन्यांच्या शेवटापर्यंत सरळ जातो, आणि मग मॅमथच नाहीत.

बिघाडांचं काय झालं, हा या कामातला मला सर्वांत रोचक वाटलेला भाग. फार घातक बदल कमी होत गेले, आणि मध्यम-सौम्य त्रासाचे बदल साठत गेले. कारण साधं आहे. घातक बदलाची एकच प्रत असेल तर तो लपून राहतो. नात्यात वीण झाली की दोन प्रती एकत्र येतात, पिल्लू वाढत नाही किंवा वीण करण्याआधी मरतं, आणि त्याच्यासोबत तो बदलही कळपातून बाहेर पडतो. म्हणजे घरातल्या सोयरिकींनी क्रूर पद्धतीने साफसफाईच केली. पण जो बदल जनावराला मारत नाही, थोडं अधू करतो, तो या चाळणीतून खाली पडत नाही. सहा हजार वर्षं हे साठणं चालू होतं. आठ जणांपासून सुरू झालेल्या कुटुंबाची किंमत दोनशे पिढ्या हप्त्याहप्त्याने फेडली जात होती.

आपल्याकडच्या हत्तींकडेही आता याच चष्म्याने पाहिलं जातं. भारतातल्या रानहत्तींच्या जीनोमवर उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात पाच वेगळे गट निघाले, दोन उत्तरेकडचे, तीन दक्षिणेकडचे. वैविध्य उत्तरेकडून दक्षिणेकडे घटत जातं, आणि पश्चिम घाटातल्या शेंकोट्टै खिंडीच्या खालचा छोटा गट सर्वांत गरीब. तिथे समुद्र नाही, पण खिंडीतला रस्ता, रेल्वे आणि वस्ती पाण्याचंच काम करतात.

मग कोणी मारलं?

माणसावर संशय जाणं साहजिक आहे. बेटावर 'चेर्तोव ओव्राग', म्हणजे सैतानाची घळ, इथे प्राचीन मुक्काम सापडला आहे. पण तो सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा. शेवटच्या मॅमथानंतर जवळपास चारशे वर्षांनी. आणि ती माणसं समुद्री प्राण्यांची शिकार करणारी. मॅमथ मारल्याची खूण तिथे मिळालेली नाही. याहून जुना मुक्काम उद्या सापडणारच नाही असं नाही, पण आजच्या पुराव्यावर माणूस सुटतो.

पाणी? अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्रात सेंट पॉल नावाचं बेट आहे. तिथेही मॅमथ अडकले होते आणि सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकले. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथे माणूस पोचलाच नव्हता, म्हणजे तो संशयित सुरुवातीलाच बाद. २०१६ साली रसेल ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका तळ्याचा गाळ थराथराने वाचला. त्यात मॅमथाचा डीएनए होता, शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू होते, आणि पाण्यातले सूक्ष्मजीव होते जे तळं उथळ आणि गढूळ होत गेल्याचं सांगत होते. समुद्र चढत होता, बेट आक्रसत होतं, गोडं पाणी कमी होत होतं. हत्तीला दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यात कळप तळ्याकाठीच गोळा होऊन काठ तुडवत होता, त्याने गाळ आणखी वाढला. दुष्काळात टँकरभोवती होणारी गर्दी पाहिलेल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगायला नको. ते प्रकरण निकाली निघालं.

रँगल मात्र त्याहून कित्येक पटीने मोठं. तिथे ओढे आहेत, डोंगर आहेत. हेलसिंकी विद्यापीठातल्या लॉरा आर्प्पे आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हाडा-दातांतली समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू, तपासली. मॅमथ काय खात होते याची नोंद त्यांत राहते. रँगलच्या मॅमथांचा आहार शेवटापर्यंत फारसा बदललेला दिसला नाही. म्हणजे चारा संपत आला आणि ते खंगत गेले, हेही नाही. गंधकाच्या नोंदींवरून शेवटी पिण्याच्या पाण्याची प्रत बिघडली असावी अशी एक शक्यता त्यांनी मांडली.

राहतो तो अपघात. आर्क्टिकमधली एक गोष्ट आपल्याकडे सहसा कळत नाही: तिथे थंडीपेक्षा भर हिवाळ्यातला पाऊस जास्त जीवघेणा. पाऊस बर्फावर पडतो, गोठतो, आणि जमिनीवर काचेसारखं कवच चढतं. खाली गवत असतं, पण तोंड पोचत नाही. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये सैबेरियातल्या यामाल द्वीपकल्पात असंच झालं आणि ६१,००० रेनडियर उपाशी मेले. चरणाऱ्या जनावरांसाठी हे वादळापेक्षा वाईट, कारण वादळ ओसरतं, कवच वसंतापर्यंत राहतं. मुख्य भूमीवरचा कळप चालत दुसरीकडे जाऊ शकतो. बेटावरच्या कळपाला दोन्ही टोकांना समुद्रच.

साथीचा रोगही नाकारता येत नाही. देहास्क यांच्या कामात रोगप्रतिकाराशी निगडित जनुकांच्या गटात वैविध्य कमी झालेलं दिसलं. इथे तिसरं वाक्य, रक्त बिघडल्याचं, मागच्या दाराने परत येतं. साठलेल्या बारीक दोषांनी कळपाला मारलं नसेल, पण फटका बसल्यावर उठण्याची ताकद काढून घेतली असेल.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. अडीचशे मॅमथ. त्यांत व्यायला आलेल्या माद्या ऐंशी धरू. हत्तिणीचा गर्भकाळ बावीस महिन्यांपर्यंत, दोन पिल्लांमध्ये चार-पाच वर्षं. म्हणजे सगळ्या बेटावर वर्षाला पिल्लं वीसेक, तीही सगळी जगली तर. एका वाईट हिवाळ्यात निम्मा कळप गेला तर तो भरून निघायला माणसाची एक पिढी सहज लागेल. मधे दुसरा तसाच हिवाळा आला तर? मग कारण शोधायला फार मोठं काही घडावंच लागत नाही. मात्र सहा हजार वर्षांत असे हिवाळे आधीही आले असतीलच, आणि त्यातून ते सावरले. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या फटक्यात वेगळं काय होतं, याचा जाब या गृहीतकाला द्यावाच लागेल.

वाचलेल्या १४ रँगल जीनोमांपैकी एकही शेवटच्या तीनशे वर्षांतला नाही. ज्या तीन शतकांत सगळं घडलं, त्यांचंच पान कोरं आहे. त्या काळातली हाडं आता मिळाली आहेत आणि त्यांचं वाचन व्हायचं आहे. त्यांत नात्यातली वीण एकदम वाढलेली दिसली, तर कळप आधी आक्रसला आणि मग संपला असं म्हणावं लागेल, आणि रक्त बिघडल्याची जुनी गोष्ट निदान अर्धी परत उभी राहील. जीनोम आधीच्या सहा हजार वर्षांसारखेच निघाले, तर शेवट काही मोजक्या हिवाळ्यांत उरकला.